वस्तीची विहीर : निरंक

उटगेसरांच्या मते ते एका दुपारचं काम होतं. त्यांच्या आधीच्या पेपरच्या शेवटी संदर्भांची यादी छापलेली होती. ती उतरवायची, मधल्या काळातली दोन-चार नावं घालायची, वर्णानुक्रमे लावायची आणि टंकलेखकाकडे द्यायची. मी यादी हातात घेतली त्याला दोन आठवडे होत आले होते आणि टंकलेखकाकडे एक ओळही गेली नव्हती.

१९८६चा उन्हाळा होता. मी रसायनशास्त्रात एम.एस्सी. होऊन नांदेडच्या एका कॉलेजात तात्पुरती प्रात्यक्षिकं घेत होते. प्रा. विरूपाक्ष उटगे आमच्या विभागाचे प्रमुख. लातूर जिल्हा होऊन चार वर्षं झाली होती आणि त्यातली शेवटची दोन कोरडी गेली होती. जिल्हा नवा, त्यामुळे तिथल्या प्रत्येक साहेबाला काहीतरी चटकन करून दाखवायचं होतं. पाणीटंचाईवर लातूरला एक परिषद भरणार होती. सर मूळचे लातूरचे, म्हणून त्यांना मानानं बोलावलं होतं. विषय होता नव्या जिल्ह्यातल्या पिण्याच्या पाण्यातला फ्लोराइड.

अशा परिषदेतले पेपर एरवी कोणी ऐकत नाही. ही तशी नव्हती. पाणीपुरवठ्याचे इंजिनिअर भुजंगराव स्वतः येऊन बसणार होते आणि खोल बोअर कुठे कुठे घ्यायचे ते त्याच दिवशी ठरणार होतं. एक जागा जवळजवळ पक्की होती : उदगीर तालुक्याच्या टोकाला, मुखेडच्या शिवेवर असलेलं कोळनगी. तिथल्या बौद्ध वस्तीच्या विहिरीशेजारी बोअर, वर टाकी आणि त्या टाकीतून वस्ती, गाव आणि दोन तांडे यांना नळ. सरांच्या मसुद्यात त्याबद्दल एक वाक्य होतं : ‘या स्रोताची शुद्धता तीन स्वतंत्र अभ्यासांनी सिद्ध झाली आहे.’ वाक्यापुढे कंसात आकडे होते : २, ३, ४.

कोळनगी हे माझ्या मावशीचं गाव.

नागुबाई मावशी चैत्रात एका लग्नाला नांदेडला आली होती. बोअरची बातमी तिच्यापर्यंत आधीच पोचली होती. वस्तीची विहीर दरवर्षी होळीनंतर तळाला जाते. मग वस्तीतल्या बायकांना घागरी घेऊन वरच्या गावविहिरीवर जावं लागतं. आता तिथे कोणी अडवत नाही. फक्त वरच्या बायकांचं होईपर्यंत बाजूला थांबायचं, एवढंच. असं थांबण्यात मावशीचे तीस उन्हाळे गेले होते. लग्नाच्या मांडवात ती ज्याला त्याला सांगत होती, “आता वरच्या गावाला आमच्या हिरीचं पाणी प्यावं लागतंय बघ. काय करतेत!” आणि पोट धरून हसत होती. तिच्या शेजारी तिची मुलगी जगदेवीही हसत होती, नेहमीसारखी पदर तोंडावर धरून. जगदेवी लहानपणापासून तशीच हसते. मला तो लाजरेपणा वाटायचा.

सरांच्या वाक्यातल्या त्या तीन आकड्यांमध्ये मला मावशीचा नळ दिसत होता, त्यामुळे त्यांची टिपणं मी सगळ्यांत आधी करायला घेतली.

टिपणांबद्दल सांगायला हवं. आमच्या ग्रंथालयात जुन्या खरेदीतली एक जाड संदर्भसूची होती, दगड आणि पाणी या विषयांवरची. तिच्यात प्रत्येक नावाखाली बारीक अक्षरांत तीन-चार ओळी होत्या : या लेखात काय आहे, काय नाही, कशावर विसंबावं. नुसती यादी वाचून कळत नाही ते त्या ओळींतून कळायचं. मला ती पद्धत आवडली आणि मी ती माझ्यापुरती बांधून घेतली. प्रत्येक संदर्भाला एक कार्ड. वर नाव, खाली चार ओळी. कोणी मोजलं. कुठे आणि केव्हा. कशानं. आणि काय मोजलं नाही. नियम एकच, तो लेख किंवा अहवाल प्रत्यक्ष हातात धरल्याशिवाय कार्ड लिहायचं नाही.

कार्डं विकत घेणं परवडणारं नव्हतं. वजिराबादच्या एका छापखान्यात लग्नपत्रिकांचा चुकलेला माल गठ्ठ्यानं पडलेला असायचा. जाड कागद, मागची बाजू कोरी. मी त्या आणायची. त्यामुळे माझ्या प्रत्येक टिपणाच्या पाठीवर गणपती होता, कोणातरी चिरंजीवाचं नाव होतं आणि आहेर न आणण्याची विनंती होती. सर एकदा गठ्ठा चाळून म्हणाले, “पंचशीला, तू संशोधन करायलीस का सोयरिकी जमवायलीस?”

सगळा विभाग हसला. मीही हसले आणि कार्डं रबरात अडकवून ठेवली.

चौथा संदर्भ म्हणजे बोअर-योजनेचं गेल्या वर्षीचं टाचण. त्यात स्वतःचं मोजमाप नव्हतं. कोळनगी वस्तीच्या विहिरीत फ्लोराइड शून्य, असं लिहून आधार म्हणून २ आणि ३ दाखवले होते. म्हणजे तो अभ्यास नव्हताच. तिसरा संदर्भ खुद्द सरांचा १९८४चा पेपर. तो मी दोनदा वाचला. नमुने कोणी घेतले याचा उल्लेख कुठेच नव्हता. तक्त्याखाली बारीक ओळ होती, ‘आकडे २ वरून’. दुसरा संदर्भ १९८३ची पुस्तिका. नवा जिल्हा झाल्यावर घाईघाईत काढलेली, सायक्लोस्टाइल केलेली, शाई पसरलेली. तिच्यात कोळनगीपुढे दोन ओळी होत्या, लिटरला किती मिलिग्रॅम फ्लोराइड. गावविहीर : ०.९. वस्तीची विहीर : निरंक. आणि तक्त्याच्या डोक्यावर, ‘आधार : जुन्या जिल्ह्याचा पाहणी अहवाल, १९७४’.

तीन स्वतंत्र अभ्यासांचा एक झाला होता, आणि तो एक कोणाच्याच यादीत नव्हता.

तेव्हापासून माझं चित्त थाऱ्यावर राहीना. प्रात्यक्षिकात मुलींचे ब्युरेट भरताना, नळाला पाणी आलं का ते बघताना, जेवताना तो ‘निरंक’ समोर यायचा. इतर अठ्ठेचाळीस विहिरींपुढे दशांश चिन्हासकट आकडे होते. गावविहिरीत ०.९ आणि दोन शेतं ओलांडली की काहीच नाही? पाण्यात फ्लोराइड दगडातून येतो. मुखेडकडचा तांबूस दगड कोळनगीच्या खालीही आहे. दगड गाव आणि वस्ती वेगळी धरत नाही.

सरांना सांगितलं तर ते खडू खिशात टाकत म्हणाले की पुस्तिका सरकारी आहे, तिच्या मागे जायचं काही कारण नाही. जुना अहवाल कोणी बघत नसतं. आणि परिषद पुढच्या आठवड्यात आहे.

मी रजा टाकली आणि लातूरची एस.टी. धरली.

जिल्हा वाटला गेला तेव्हा जुन्या कागदपत्रांचा लातूरच्या वाट्याचा भाग ट्रकनं आला होता आणि एका भाड्याच्या गुदामात पोत्यांतच राहिला होता. गुदाम डाळमिलच्या मागे. आत तुरीच्या टरफलांची धूळ इतकी, की कागद उघडताना आधी फुंकर मारावी लागे. तिथल्या कारकुनानं मला एक स्टूल दिलं आणि पोती दाखवली. त्याला वाटलं मी कोर्टाच्या कामाला आले आहे. दुपारपर्यंत मला जन्ममृत्यू, गुरांची मोजणी आणि कोतवालांचे पगार सापडले. बाहेर टँकरसाठी माणसं भांडत होती. दुपार कलल्यावर अहवाल सापडला. पुठ्ठा वाळवीनं खाल्लेला, आतलं सगळं शाबूत.

कोळनगी. गावविहीर : ०.९. वस्तीची विहीर : एक आडवी रेघ. रेघेवर फुली आणि पानाच्या तळाशी फुलीचा खुलासा : ‘विहीर गावाबाहेर. नमुना घेतला नाही.’

मी कारकुनाला पुस्तिकेतला तोच तक्ता दाखवला आणि रेघेचा निरंक कसा झाला असेल ते विचारलं. त्याला त्यात काहीच नवल वाटलं नाही. रकाना रिकामा दिसला की वरून कागद परत येतो, असं त्यानं समजावलं. काही नसेल तिथे निरंक लिहायचं, हे नोकरीच्या पहिल्याच दिवशी शिकवतात. पुस्तिका तयार करणाऱ्यानं तेच केलं. पुढे सरांनी पेपर इंग्रजीत लिहिताना निरंकचं शून्य केलं. शून्य हा आकडा असल्यामुळे तो सरासरीत गेला, क्रमवारीत गेला आणि अख्ख्या भागातली सगळ्यांत शुद्ध विहीर म्हणून पहिला आला. जिथे कोणी बाटली बुडवलीच नव्हती, ती विहीर.

मी अहवालाचं कार्ड तिथेच स्टुलावर बसून लिहिलं. चौथ्या ओळीत, काय मोजलं नाही, तिथे ‘वस्ती’ एवढंच लिहिलं. मग वाटलं, हे टिपण नाही, राग आहे. ते खोडून लिहिलं, ‘कोळनगी वस्तीच्या विहिरीचा नमुना नाही, पाहणीतल्या अशा विहिरी सहा, सगळ्या गावाबाहेरच्या.’ इतर पाच नावं मी तेवढ्यात शोधून काढली होती; ती जुन्याच जिल्ह्यात राहिलेल्या तालुक्यांतली, म्हणून पुस्तिकेत नव्हती.

शून्य खोटं ठरलं म्हणजे पाणी वाईट ठरत नव्हतं. ते चांगलंही असू शकलं असतं. उदगीरहून कोळनगीच्या गाडीत बसल्यावर मी तेच मनात घोळवत होते : चांगलं निघू दे, शून्य नसलं तरी चालेल, एकाच्या आत निघू दे.

मावशीनं मला पाहून आधी पाणी दिलं, मग कशी आलीस ते विचारलं. लिंबाजी काका, म्हणजे मावशीचे यजमान, मला हाताला धरून टाकीची जागा दाखवायला घेऊन गेले. चुन्यानं चौकोन आखून झाला होता. वस्तीतल्या लोकांनी स्वतः काटेरी झुडपं तोडून जागा साफ केली होती. विहीर तळाला गेली होती. जगदेवी पायऱ्या उतरून वाटीवाटीनं पाणी घागरीत भरत होती. मी तिच्याजवळ बाटली दिली. प्लास्टिकची, कारण फ्लोराइड काचेला लागतो. त्याच पाण्यानं तीनदा विसळायला सांगितली. तीन वाट्या पाणी फुकट सांडायचं म्हटल्यावर ती माझ्याकडे बघत राहिली.

“शहरात नळाला ढीग पाणी येतंय वाटतं,” ती म्हणाली, पण तिनं विसळली.

ती वर आली तेव्हा ऊन तिच्या तोंडावर होतं आणि हात घागरीला. पदर धरायला हात मोकळा नव्हता. तिच्या पुढच्या दातांवर आडवे तपकिरी पट्टे होते. मी ते आधी पाहिलेच नव्हते असं नाही; पाहून सोडून दिलं होतं. जगदेवीची दोन स्थळं मोडली होती. मुलगी मिश्री लावते, तंबाखूची सवय आहे, असं पाहुणे म्हणाले होते, हे आईनं मला सांगितलं होतं. लिंबाजी काकांचे दातही तसेच. पण ते खरोखर तंबाखू खातात, म्हणून कोणाला प्रश्नच पडला नव्हता. मावशीचे दात मात्र पांढरे स्वच्छ. ती चाकूरकडची, लग्न होऊन या पाण्यावर आलेली. दात घडतात ते लहानपणीच्या पाण्यावर, आणि त्यात फ्लोराइड जास्त असला की असेच पट्टे येतात.

मी आणखी दोन बाटल्या दुपारी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी भरल्या. गावविहिरीचीही एक भरली. एका विहिरीच्या पाण्याबद्दल दातांवरून बोलणं हे निरंक लिहिण्याइतकंच सैल झालं असतं.

नांदेडला आल्यावर डिस्टिल्ड पाणी नव्हतं. नळ एक दिवसाआड आणि ते बनवणाऱ्या आमच्या उपकरणाला थंड पाण्याची सतत धार लागते. शेवटी मी बॅटरीवाल्याच्या दुकानातून डिस्टिल्ड पाण्याचा कॅन आणला आणि आधी त्याचीच तपासणी केली, कारण दुकानदारानं शपथ घेतली तरी ती कार्डावर लिहिता येत नाही. ते ठीक निघालं. मग नळ्या लावल्या, काही ठरावीक फ्लोराइडच्या आणि काही माझ्या नमुन्यांच्या. झिरकोनियम आणि अलिझरीनचं मिश्रण लालसर असतं. फ्लोराइड जितका जास्त तितका रंग पिवळ्याकडे झुकतो. रंग उतरायला तासभर लागतो. त्या तासात मी प्रयोगशाळेत येरझारा घातल्या, खिडक्या लावल्या, उघडल्या, एक स्वच्छ बीकर पुन्हा धुतला.

गावविहीर १.१ निघाली. वस्तीचं पाणी माझ्या सगळ्यांत पिवळ्या नळीपेक्षा पिवळं होतं. निम्मं पातळ केलं, पुन्हा लावलं. तिन्ही बाटल्या जवळजवळ सारख्या : ३.४. चालण्यासारखी हद्द दीडची.

सरांसमोर मी नळ्या ठेवल्या आणि कार्डंही. त्यांनी नळ्यांकडे पाहिलं. कार्डं एकेक करून वाचली. स्वतःच्या पेपरचं कार्ड त्यांनी बराच वेळ हातात धरलं. मग ते उठले, फळा पुसला. फळ्यावर काही लिहिलेलं नव्हतं. पेपरच्या प्रती जुनीच यादी लावून सायक्लोस्टाइल होऊन आल्या आहेत, परवा परिषद आहे, असं ते फळ्याकडेच बघून म्हणाले. मी म्हटलं की एक वाक्य खोडता येईल.

“एक वाक्य न्हाई ते,” सर म्हणाले. “दोन वर्षं लोक त्या शून्यावर चालायलेत. आणि ते माझ्या नावानं आहे.”

त्यांनी कार्डं आपल्या पिशवीत टाकली. पुढे काय करणार ते सांगितलं नाही.

परिषदेच्या दिवशी पहाटेच्या गाडीला आम्ही दोघं शेजारी बसलो. लोहा गेल्यावर त्यांनी विचारलं, बाटली काचेची होती का. मी म्हटलं, प्लास्टिकची. अहमदपूरच्या स्टँडवर गाडी थांबली तेव्हा विचारलं, डिस्टिल्ड पाणी कुठलं. मी बॅटरीवाल्याचं सांगितलं आणि ते आधी तपासल्याचंही सांगितलं. चाकूरला लोक चढत होते, खिडकीतून पिशव्या टाकून जागा धरत होते, त्या गोंधळात ते म्हणाले, “रंग तुझ्या एकटीच्या डोळ्यानं जुळवलास?” ग्रंथपाल शेषेराव आणि दोन विद्यार्थिनी यांच्याकडून, आकडा न सांगता, जुळवून घेतला होता. ते मी सांगितलं. त्यानंतर लातूर येईपर्यंत ते खिशातला खडू सारखा फिरवत होते, विजारीवर पांढरा डाग पडला होता.

सभागृहातल्या कूलरमध्ये पाणी नव्हतं, तो नुसती गरम हवा फेकत होता. भुजंगराव पहिल्या रांगेत नकाशा मांडीवर घेऊन बसले होते. सरांचा पेपर तिसरा. ते नेहमीच्या खणखणीत आवाजात वाचू लागले आणि ‘या स्रोताची शुद्धता’ इथपर्यंत येऊन थांबले. पुढच्या लोकांना वाटलं पान सापडत नाही. सरांनी पिशवीतून कार्ड काढलं. प्रेक्षकांच्या बाजूला गणपती आणि ‘शुभविवाह’ आलं. मागे कोणीतरी विचारलं, सर, लग्न कवा हाय. बरेच जण हसले. हसणं संपेपर्यंत सर थांबले.

मग त्यांनी वाचलं. “उटगे, एकोणीसशे चौऱ्याऐंशी. या पेपरात नवं मोजमाप नाही. सर्व आकडे दुसऱ्या संदर्भावरून. कोळनगी वस्तीच्या विहिरीचं शून्य हे तिथल्या ‘निरंक’चं भाषांतर. मूळ अहवालात त्या जागी रेघ आहे. काय मोजलं नाही : हीच विहीर.”

भुजंगरावांनी नकाशावरून मान वर केली. “म्हणजे तिथं शून्य न्हाई म्हणता?”

“तिथं आमच्यातलं कोणी गेलंच न्हाई, साहेब,” सर म्हणाले. “ही गेली. पुढचं ही सांगेल.”

मी उठले, सरांनी बाकीची कार्डं माझ्या हातात दिली. माझे आकडे थोडे होते, ते लवकर संपले. त्यानंतर जे झालं ते सभ्य भाषेत झालेलं भांडण होतं. अंदाजपत्रक मंजूर आहे, यंत्र निघालं आहे, आता जागा बदलायची म्हणजे काय, असं भुजंगराव म्हणत होते. खोल गेल्यावर पाणी चांगलं लागेल, असं एकानं सुचवलं. त्या दगडात खोल गेल्यावर बहुधा वाढतं, कमी होत नाही, पण तेही मोजूनच कळेल, असं सर म्हणाले. शेवटी भुजंगरावांनी नकाशावरची कोळनगीची खूण खोडली. आधी आसपासच्या सगळ्या विहिरी तपासायच्या, मग जागा. तोपर्यंत टँकर.

टँकर कुठे रिकामा होतो, मी विचारलं.

गावविहिरीत, ते म्हणाले. गावाला एक खेप, असा आदेश आहे.

मी म्हटलं की योजनेच्या टाचणात वस्तीची विहीर हा स्वतंत्र स्रोत धरलेला आहे. स्रोत स्वतंत्र, तर तो बाद झाल्यावर खेपही स्वतंत्र हवी. टाचणाचं कार्ड माझ्या हातात होतं, पानाचा क्रमांक मी वाचून दाखवला. भुजंगराव माझ्याकडे बघून कंटाळल्यासारखं हसले आणि त्यांनी वहीत लिहून घेतलं. काय लिहिलं ते मला दिसलं नाही.

बाहेर आल्यावर सर म्हणाले की ते रात्री लातूरलाच भावाकडे राहतील. मग माझ्याकडे न बघता, “मूळ अहवालाचं कार्ड पहिलं लाव. माझं खाली जाऊ दे.” मी हो म्हटलं.

दुसऱ्या दिवशी मी कोळनगीला गेले. दुसऱ्या कोणाकडून कळण्याआधी मावशीला माझ्याकडून कळायला हवं होतं.

मावशी चुन्याच्या चौकोनाशेजारी दगडावर बसून होती. कळलं होतं. उदगीरच्या बाजाराला गेलेला कोणीतरी बातमी घेऊन आला होता. मी सगळं सांगितलं, रेघ, निरंक, शून्य, ३.४ आणि दातांवरचे पट्टे. लिंबाजी काका चंची सोडून बसले होते, तंबाखू मळायचं थांबले होते.

“म्हंजे पुन्हा वरच्याच हिरीवर थांबायचं,” मावशी म्हणाली.

टँकर वस्तीत येईल, मी लिहून घ्यायला लावलंय, असं मी म्हटलं.

“तुझं लिहिणं लई हाय बाई.” ती चौकोनाकडे बघत होती. “जरा उशिरा लिहिलं असतंस. एक उन्हाळा तरी वरच्या बायांनी आमच्या नळाला रांग लावली असती. मी बघितलं असतं.”

“आणि प्यायली असतीस का तू ते पाणी, मावशी?”

“आतापस्तोर काय प्यायलो मग?”

ती उठली आणि आत गेली. टँकर आला तर चहा होईल, असं तिनं आतून सांगितलं. मला जायला सांगत होती की थांबायला, ते कळेना. मी थांबले. रस्त्याकडे बघत राहिले. एक ट्रॅक्टर गेला, एक जीप गेली.

जगदेवी इतका वेळ भिंतीला टेकून ऐकत होती. ती आता माझ्या समोर येऊन बसली. पदर तोंडावर.

“दाताचं त्या पाण्यानं होतंय म्हणलीस,” ती म्हणाली. “शेजारच्या काकूच्या पोराचं बी, माझं बी. सगळ्याचं.”

“बहुतेक.”

“बहुतेक म्हंजे?”

“मी पाणी मोजलंय. दात मोजले नाहीत.”

“मग मी मिश्री लावत न्हवते, हे तुझ्या त्या पेपरात लिहिलंस का?”

नव्हतं लिहिलं. मी पिशवीतून गठ्ठा काढला. माझ्या स्वतःच्या नमुन्यांचं कार्ड मी परिषदेच्या आदल्या दिवशी केलं होतं. कोणी मोजलं, कुठे आणि केव्हा, कशानं, या तिन्ही ओळी भरलेल्या. चौथ्या ओळीत मी लिहिलं होतं, ‘उल्लेखनीय काही नाही.’ ते मी आता वाचलं आणि मला तो डाळमिलमागचा कारकून आठवला. मी ते खोडलं. वस्तीत किती घरं, त्यात इथेच जन्मलेली माणसं किती आणि लग्न होऊन आलेल्या बायका किती, हे जगदेवीला विचारलं. ती बोटांवर मोजायला लागली. मोजायला दोन्ही हात लागत होते. पदर खांद्यावर राहिला.

रस्त्याच्या वळणावर धूळ उठली होती. गाडी वस्तीकडे वळते की सरळ गावात जाते ते अजून दिसत नव्हतं. मावशी घागर घेऊन दारात आली आणि तिथेच उभी राहिली.

जगदेवीनं तोंड उघडून उन्हाकडे केलं.

“पहिलं माझं लिही,” ती म्हणाली. “आणि नीट बघ. घाई करू नको.”